पेटी घरची, माप सगळ्यांचे

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, अर्नाळा-आगाशीपासून नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगावमार्गे पापडी-सांडोरपर्यंत, घरामागे वाडी असणे ही अजूनही अपूर्वाईची गोष्ट नाही. केळी, नारळ, शेवगा, नागवेली, पालेभाज्या आणि वेलभाज्या असा तिचा संसार असतो. अशा वाडीत मधपेटी ठेवावी, हे सुचायला वेगळे कारण लागत नाही. पहिली पेटी बहुतेक विकतच येते. प्रश्न उभा राहतो तो पुढे, वसाहत जोम धरते, तिची दुसरी वसाहत करायची वेळ येते आणि रिकामी पेटी हाताशी नसते तेव्हा. गावात सुतार आहे, घरी जुन्या फळ्या आहेत, हातात थोडेफार कसब आहे. मग पेटी घरीच का करू नये? या प्रश्नाला सहसा दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक म्हणते, पेटी म्हणजे शेवटी लाकडी खोके, त्यात एवढे काय? दुसरे म्हणते, हे शास्त्राचे काम, ते कारखान्यातूनच यावे. माझ्या मते दोन्ही उत्तरे चुकीच्या गोष्टीवर बोट ठेवतात. पेटी घरी करायला काहीच हरकत नाही, वसई-विरारसारख्या भागात तर ती घरी करण्याला चांगली कारणे आहेत. पण पेटी घरची असली तरी तिचे माप घरचे असता कामा नये. आणि पेट्यांची संख्या रंध्याच्या वेगाने वाढू न देता आसपासच्या फुलोऱ्याच्या हिशेबाने वाढू द्यावी.

माप एवढे महत्त्वाचे का, हे समजायला आधुनिक मधपेटीचा जन्म पाहावा लागतो. अमेरिकेतील लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाच्या १८५१ मध्ये एक गोष्ट ध्यानात आली. पेटीच्या आत दोन पृष्ठभागांमध्ये ठरावीक रुंदीची फट राहिली, तर माश्या ती जाण्यायेण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. फट त्याहून अरुंद असेल तर बुजवतात, रुंद असेल तर तिच्यात पोळे बांधतात. त्याने पाळलेल्या युरोपीय माशीसाठी ही रुंदी साधारण साडेनऊ मिलिमीटर भरते. पुढच्याच वर्षी, १८५२ मध्ये, त्याने या तत्त्वावरच्या पेटीचे पेटंट घेतले. त्याआधीही लोक माश्या पाळत होते. ओंडके, मडकी, टोपल्या, भिंतीतले कोनाडे, सगळे वापरून झाले होते. पण त्यांतले पोळे भिंतीला चिकटलेले असे, आणि मध हवा तर ते कापण्यावाचून गत्यंतर नसे. फट राखलेली चौकट मात्र एखादे पुस्तक फडताळातून काढावे तशी बाहेर काढता येते, पाहता येते, परत ठेवता येते. मधुमक्षिकापालन म्हणून आज जे काही केले जाते, ते सगळे या काही मिलिमीटरच्या शिस्तीवर उभे आहे. पेटीच्या भिंती हे त्या शिस्तीचे केवळ आवरण आहे.

ही शिस्त भारतात आणताना लगेच एक अडचण आली. आपली पाळीव माशी, महाराष्ट्रात जिला सातेरी म्हणतात ती, युरोपीय माशीपेक्षा अंगाने लहान आणि वसाहतीनेही लहान. लँगस्ट्रॉथच्या पेटीत ती घातली तर तिला घर मोठे पडते. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातील जेझुइट पाद्री न्यूटन यांनी १९११ ते १९१७ या काळात सातेरीच्या बेताची लहान पेटी तयार केली आणि लोकांना ती वापरायला शिकवले. दक्षिणेत आजही न्यूटन पेटी याच नावाने ती ओळखली जाते. महाराष्ट्रात या कामाचे केंद्र महाबळेश्वर झाले. १९४६ पासून तिथे शासकीय पातळीवर मधमाशीपालन सुरू झाले, आणि राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आजही तिथेच आहे. १९६२ मध्ये खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यात आली. मधल्या काळात पेटीचे भारतीय मानकही ठरले, आयएस १५१५. त्यात सातेरीसाठी दोन मापे आहेत. ‘ए’ प्रकारात पिल्लांच्या कोठ्यातील चौकटीचा आतला अवकाश २१० बाय १४५ मिलिमीटर, ‘बी’ प्रकारात ३०० बाय १९५ मिलिमीटर. कागदावर फरक फारसा वाटत नाही, पण क्षेत्रफळ काढले की ‘बी’ची चौकट ‘ए’च्या जवळजवळ दुप्पट भरते. हिमालयातल्या थंड प्रदेशातील सातेरी मोठी वसाहत करते, तिला ‘बी’ सोयीची. कोकणपट्टीच्या सखल, दमट हवेतल्या वसाहती त्या मानाने लहान, त्यांना ‘ए’ पुरते. वसईत पेटी करायची तर ती आठ चौकटींची ‘ए’ प्रकाराची, एवढा निर्णय या इतिहासानेच देऊन ठेवला आहे.

घरी पेटी करणाऱ्याची पहिली मोठी चूक इथेच होते. परदेशी पुस्तकांत आणि चित्रफितींत दाखवलेले नकाशे युरोपीय माशीचे असतात. ते सुबक असतात, सुताराला समजतात, म्हणून जसेच्या तसे उतरवले जातात. युरोपीय माशीच्या दोन पोळ्यांच्या मध्यांमधले अंतर ३५ ते ३८ मिलिमीटर असते, तर आपल्याकडच्या सातेरीचे ३१-३२ मिलिमीटरच्या आसपास. ३१ मिलिमीटरने आठ चौकटी बसवल्या तर कोठ्याची आतली रुंदी कडेची मोकळीक धरून सुमारे २५५ मिलिमीटर होते. ३५ने बसवल्या तर नुसत्या चौकटींनाच २८० लागतात. म्हणजे कोठ्यात एका चौकटीपुरती जागा जास्त झाली. सातेरी ही जागा वाया जाऊ देत नाही. ती दोन चौकटींच्या मधे आडवे पोळे ओढते, एक पोळे दोन चौकटींवर चढवते, आणि महिनाभरात ती पेटी जुन्या ओंडक्यासारखी होऊन बसते: उघडता येते, पण फाडल्याशिवाय तपासता येत नाही. पोळ्याचा पाया म्हणून चौकटीत लावतात त्या मेणपत्र्याचेही तेच. युरोपीय माशीच्या पोळ्यातील एका घराची रुंदी सुमारे ५.३ ते ५.४ मिलिमीटर, आपल्या सखल भागातील सातेरीची त्याहून एक मिलिमीटरने कमी. चुकीचा मेणपत्रा लावला तर माश्या तो कुरतडून टाकतात किंवा त्यावर वेडीवाकडी घरे बांधतात. मोजपट्टीवर न दिसणारी चूक माशीला लगेच कळते.

एकच पेटी असेल तर एवढी चूक चालूनही जाईल. वाढत्या मधुबनात, म्हणजे अनेक पेट्या एकत्र सांभाळताना, ती चालत नाही, कारण वाढ म्हणजेच चौकटींची देवाणघेवाण. सशक्त वसाहतीची दोन करायची तर अंडी, पिल्ले आणि मध असलेल्या तीन-चार चौकटी उचलून नव्या पेटीत ठेवाव्या लागतात. एखादी वसाहत अशक्त झाली तर दुसरीची पिकलेली पिल्ले असलेली चौकट तिला द्यावी लागते. राणी मेली आणि नवी करायला अंडीच नसली, तर शेजारच्या पेटीतून अंड्यांची चौकट आणून तिला राणी घडवू द्यावी लागते. दोन दुबळ्या वसाहती पावसाळ्याच्या तोंडावर एकत्र करायच्या तर एकीच्या चौकटी दुसरीच्या कोठ्यात चपखल बसल्या पाहिजेत. मध काढताना चौकट मधयंत्राच्या जाळीत मावली पाहिजे, म्हणजे पोळे न मोडता मध निघतो आणि रिकामे पोळे माश्यांना परत मिळते. एक किलो मेण घडवायला माश्यांचा सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे परत मिळालेले प्रत्येक पोळे हा वाचलेला मधच. पाच पेट्या पाच मापांच्या असतील तर यातले काहीही करता येत नाही. पाच वेगवेगळी घरे होतात, त्यांचे मधुबन होत नाही. म्हणून मापाचा खरा फायदा दुसऱ्या पेटीपासून सुरू होतो आणि पेट्यांच्या संख्येबरोबर वाढत जातो. शेजारच्या मधपाळाशी देवाणघेवाण करायची असेल तर हा फायदा घराच्या कुंपणाबाहेरही जातो.

आता सुतारकामाचा हिशेब मांडू. पेटी म्हटली की डोळ्यांसमोर तळपाट, पिल्लांचा कोठा, त्यावर मधकोठा, आतले आणि वरचे झाकण येते. हे सगळे मिळून दीड-दोन डझन तुकडे होतात. खरे काम चौकटींचे आहे. खालच्या कोठ्यात आठ आणि मधकोठ्यात आठ, अशा एका पेटीला सोळा चौकटी. प्रत्येक चौकटीला वरची पट्टी, दोन बाजूच्या आणि एक खालची अशा चार पट्ट्या. दहा पेट्या करायच्या म्हटल्या तर १६० चौकटी आणि ६४० पट्ट्या, आणि त्यांतली प्रत्येक दुसरीसारखी हवी. हाताने आखून, करवतीने कापून ६४० पट्ट्या सारख्या निघणे अशक्य आहे. त्यासाठी साचा लागतो: पट्टी अडकवली की एकाच ठिकाणी कापली जाईल असा अटकाव, आणि चौकट जोडताना चारही कोपरे गुण्यात धरून ठेवील असा लाकडी ठोकळा. असा साचा करायला एक दिवस जातो, पण पुढचे सगळे दिवस तोच वाचवतो. ज्याला एवढा खटाटोप नको, त्याच्यासाठी मधला मार्ग आहे. चौकटी विकत आणाव्यात आणि खोके घरी करावे. चौकटीत अचूकता हवी आणि लाकूड थोडे. खोक्यात लाकूड पुष्कळ आणि अचूकतेला थोडी ढिलाई चालते. जिथे यंत्राची अचूकता मोलाची तिथे ती विकत घ्यायची, जिथे हाताच्या कामाने भागते तिथे हात वापरायचा, एवढेच त्यातले शहाणपण. कोणताही मार्ग घेतला तरी पहिली पेटी खादी व ग्रामोद्योग मंडळाकडून किंवा खात्रीच्या उत्पादकाकडून मानक मापाची घ्यावी आणि ती नमुना म्हणून वापरावी. सुताराला कागदावरचे आकडे देण्यापेक्षा हातात नमुना दिला की निम्मे गैरसमज टळतात.

खोक्याला ढिलाई चालते म्हटले, तरी एका बाबतीत ती चालत नाही, आणि ती बाब वसईच्या हवेशी निगडित आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगते आणि आकसते. पेटीची बाजूची फळी आडवी बसते, म्हणजे तिची रुंदी हीच कोठ्याची उंची. पावणेदोनशे मिलिमीटर रुंदीची फळी कोरड्या दिवसांतली अवस्था आणि जुलैमधली ओल यांच्या दरम्यान सहज दीड ते अडीच मिलिमीटर हलते. खालच्या कोठ्याच्या चौकटी आणि वरचा मधकोठा यांच्यात आपण आठ मिलिमीटरची फट राखलेली असते. फळी फुगली की ही फट दहावर जाते आणि माश्या तिथे मेणाचे पूल बांधतात. ओल्या लाकडाची पेटी केली आणि ती मागाहून आकसली, तर उलटे होते: फट बुजते, आणि मधकोठा ठेवताना माश्या चिरडतात. यावर उपाय नवा नाही. वाळवून मुरवलेले लाकूडच वापरायचे, आणि पेटी पावसाळ्यात न करता हिवाळ्यात करायची. लाकूड म्हणून साग उत्तम, पण महाग आणि जड. फणसाचे टिकाऊ. शिवण हलके आणि सहसा न वाकणारे, म्हणून पेटीसाठी विशेष चांगले. आंबा स्वस्त मिळतो, पण तो बाक धरतो आणि त्याला कीड लागते. तो वरच्या झाकणासाठी ठेवावा. प्लायवुड वापरायचे तर उकळत्या पाण्यातही न सुटणारे वापरावे. साध्या प्लायवुडचे थर इथल्या पावसात टिकत नाहीत.

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे या औद्योगिक पट्ट्यात पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेटचे लाकूड मुबलक मिळते, आणि घरगुती पेटीसाठी ते मोहात पाडते. ते वापरायला हरकत नाही, पण त्यावरचा शिक्का वाचल्याशिवाय नाही. आंतरराष्ट्रीय वाहतुकीतल्या लाकडावर कीड मारण्याची पद्धत छापलेली असते. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेले, ते चालते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया झालेले, ते माश्यांच्या घरासाठी घेऊ नये. शिक्का नसेल आणि फळीवर तेलाचे किंवा रसायनाचे डाग असतील, तर ते कशाचे आहेत हे कोणी सांगू शकत नाही. ते लाकूड स्टँडला वापरावे, कोठ्याला नाही. समुद्राकाठच्या गावांत आणखी एक गोष्ट महत्त्वाची. खाऱ्या वाऱ्यात साधे खिळे दोन पावसाळ्यांत गंजतात, लाकडावर काळे डाग धरतात आणि जोड सैल होतो. जस्ताचा मुलामा दिलेले किंवा पितळी स्क्रू थोडे महाग पडतात, पण पेटीचे आयुष्य तेच ठरवतात. रंग किंवा तेल फक्त बाहेरून लावावे, आत नाही.

जोड घट्ट असावेत हा आग्रह सुताराच्या अभिमानापोटी नाही. युरोपीय माशी झाडांचा चीक गोळा करून पेटीच्या भेगा बुजवते. सातेरी ते करत नाही. तिला मिळालेली भेग तशीच राहते, आणि त्या भेगेत मेणकिड्याचा पतंग अंडी घालतो. त्याच्या अळ्या पोळ्यांतून बोगदे काढतात, जाळी विणतात आणि बघता बघता वसाहत पेटी सोडून निघून जाते. सातेरीचे पळून जाणे ही या व्यवसायातली जुनी तक्रार, आणि तिचा दोष माशीच्या स्वभावावर टाकण्याची सवयही जुनीच. पण तिला पळवून लावणारी पुष्कळ कारणे पेटीतच असतात. भेगा, आत झिरपणारे पाणी, मुंग्या, दुपारचे ऊन आणि पुन्हा पुन्हा उघडून पाहण्याची हौस, ही त्यांतली मुख्य. म्हणून तळपाट पुढे किंचित उतरता ठेवावा, वरच्या झाकणाला पत्रा आणि बाहेर आलेली कड असावी, स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असावेत. वाट्या ठेवून भागत नाही, त्यांत पडलेली पाने काढावी लागतात. पावसाळ्यात एखादे वाळके पान वाटीवर आडवे पडले की मुंग्यांना तोच पूल होतो. पेटीला सावली हवी, पण नारळाखालची नको. वरून पडणारी झावळी किंवा नारळ पेटी उलथवायला पुरेसा आहे. आंब्याची किंवा चिकूची सावली बरी.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप पैशाचा. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत पेट्या आणि साहित्यासाठी ५० टक्के अनुदान मिळते, उरलेली निम्मी रक्कम स्वतःची घालावी लागते. मग घरी पेटी करण्याचा खटाटोप कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि पहिल्या पेट्यांपुरता मला मान्यही आहे. योजनेबरोबर प्रशिक्षण येते, ते पेटीपेक्षा मोलाचे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ झाले आणि पुढे त्या योजनेत पालघर जिल्ह्यातल्या घोलवडचाही समावेश झाला. तेव्हा सरकारी मदत आपल्या जिल्ह्यापर्यंत पोहोचतच नाही, असे म्हणता येणार नाही. पण योजनेची पेटी योजनेच्या वेळापत्रकाने येते, आणि माश्यांचे वेळापत्रक वेगळे असते. वसाहत फुटायच्या बेतात आली की पेटी त्याच आठवड्यात हवी. नसेल तर जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन शेजारच्या इमारतीच्या छज्ज्याखाली किंवा मीटरच्या खोक्यात जाऊन बसते, आणि शहरात अशा मोहोळाचा शेवट बहुधा धुराने किंवा फवाऱ्याने होतो. घरी पेटी करण्याचा खरा फायदा स्वस्ताईत नाही, वेळेवर हाताशी असण्यात आहे. दर दोन वसाहतींमागे एक रिकामी, चौकटींसह तयार पेटी असावी, हा हिशेब बहुतेक घरगुती मधपाळांना परवडतो, आणि तो घरच्या कामानेच परवडतो.

दुसरा आक्षेप निसर्गवाद्यांचा. माशी झाडाच्या ढोलीत, वारुळात, भिंतीच्या पोकळीत शतकानुशतके सुखाने राहिली. तिला चौकटीत कोंबण्याचा अट्टहास माणसाच्या लोभाचा आहे. त्यापेक्षा ओंडक्याचे घर किंवा नुसत्या वरच्या पट्ट्यांची पेटी करावी, ती घरी करायला सोपी आणि माशीलाही मोकळी. यात तथ्य आहेच. परागीभवनापुरती एक वसाहत हवी असेल आणि मधाची अपेक्षा नसेल, तर पट्ट्यांची पेटी उत्तम. पूर्व आफ्रिकेत तिने मोठे काम केले आहे. पण तिचे सोपेपण नीट पाहावे. पट्टीची रुंदी तिथेही माशीच्या मापाचीच ठेवावी लागते, म्हणजे शिस्तीतून सुटका नाहीच. पोळ्याला चारही बाजूंनी आधार नसल्याने मे महिन्याच्या उकाड्यात ते तुटून पडते, आणि मध काढायचा म्हणजे पोळे कापायचेच. ‘नैसर्गिक’ या शब्दाखाली पुष्कळदा जुनीच कापाकापी परत येते. वसाहत वाढवायची असेल तर चौकट माशीला जाच करत नाही. उलट, तिला कमीत कमी त्रास देऊन तिच्या घरात डोकावण्याचा तो चांगला मार्ग आहे.

तिसरा आक्षेप उत्पन्नाचा. सातेरीची पेटी वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते, युरोपीय मेलिफेरा त्याच्या कितीतरी पट. मग लँगस्ट्रॉथचीच मोठी पेटी का करू नये? मेलिफेरा माशी १९६२ मध्ये हिमाचलमधील नगरोटा बगवान इथे यशस्वीपणे आणली गेली आणि उत्तर भारतात तिने मधाचे अर्थकारण बदलले, हे खरे. पण ते उत्पन्न स्थलांतराचे आहे. मोहरी, सूर्यफूल, निलगिरी, बोर यांच्या फुलोऱ्यामागे ट्रकमधून शेकडो पेट्या फिरवल्या की ते आकडे दिसतात. घरामागच्या वाडीत दहा-बारा पेट्या एका जागी ठेवणाऱ्याला ते दिसणार नाहीत. कोकणच्या चार महिन्यांच्या पावसात मेलिफेराच्या मोठ्या वसाहतीला साखरेच्या पाकावर जगवणे हा खर्चिक मामला आहे. शिवाय व्हरोआ नावाचा कोळीवर्गीय परजीवी मुळात सातेरीचा. तिने त्याच्याशी जुळवून घेतले आहे, सातेरी माश्या एकमेकींच्या अंगावरून तो वेचून काढतात. मेलिफेराला मात्र औषधाची मदत लागते. लहान वाडीसाठी लहान माशी आणि लहान पेटी, हा कंजूषपणा नव्हे. ते इथल्या हवामानाने दिलेले माप आहे.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर, कारण तो माझ्या मूळ मुद्द्यालाच हात घालतो. चौकटी सगळ्या पेट्यांत बसतात म्हणून त्या फिरतात. चौकटी फिरतात म्हणून रोगही फिरतो. हे खरे आहे. थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहतींचा फार मोठा भाग संपवला. त्या रोगावर औषध नाही. राणीला काही काळ पिंजऱ्यात ठेवून पिल्लांचा क्रम तोडणे, रोगट पोळी काढून टाकणे आणि वसाहतीला आपले बळ आपण सावरू देणे, एवढेच करता येते. पण यातून निघणारा धडा मापे वेगळी करण्याचा नाही. फट न राखलेल्या, मनमानी मापांच्या पेट्यांत रोग ओळखायला पोळे बाहेर काढून पाहताच येत नाही, मग तो लपून राहतो. धडा एवढाच, की प्रत्येक पेटीला आणि चौकटीला क्रमांक असावा, कोणती चौकट कुठून कुठे गेली याची नोंद असावी, आणि पिल्लांचा कोठा तपासल्याशिवाय एकही चौकट हलू नये. बाहेरून आणलेली किंवा पकडलेली वसाहत काही आठवडे वेगळी ठेवावी. मापाची शिस्त नोंदीच्या शिस्तीशिवाय अर्धीच राहते.

आता उरतो प्रश्न किती पेट्यांचा, आणि तिथे सुतारकाम संपते. सातेरी चाऱ्यासाठी साधारण किलोमीटरभर, फार तर दीड किलोमीटर जाते. एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे ३१४ हेक्टर. ऐकायला भरपूर, पण नालासोपारा किंवा विरारच्या इमारतींलगत त्यातले किती हिरवे उरते? वर्तुळाचा काही भाग खाडी, मिठागरे आणि रस्तेही खातात. पश्चिम पट्ट्यात नारळ वर्षभर पराग देतो, केळफुलाला मकरंद असतो, जानेवारी-फेब्रुवारीत आंबा मोहरतो, उन्हाळ्यात जांभूळ, करंज आणि चिंच फुलते, खाडीकाठी तिवर फुलतो, आणि काकडी, भोपळा यांच्या वेली सकाळच्या माश्यांची वाटच पाहत असतात. पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगराची जंगली झाडे आहेत. फुलशेती मात्र फसवी ठरते. दुहेरी पाकळ्यांचा मोगरा बाजारात भाव खातो, माशीच्या फारसा कामाचा नाही. आणि जून ते सप्टेंबर हे चार महिने पावसाचे. तेव्हा वसाहती साठवलेल्या मधावर किंवा पाकावर जगतात. म्हणून पेट्यांची मर्यादा मधकोठ्यातूनच कळते. पावसाळा संपल्यावर वसाहती भराभर सावरत असतील आणि एप्रिलमध्ये मधकोठे भरत असतील, तर आणखी दोन पेट्या वाढवाव्यात. सगळ्यांनाच पाक द्यावा लागत असेल, तर दोन कमी कराव्यात. भाज्यांवरची औषधफवारणी सायंकाळी व्हावी यासाठी शेजारच्या शेतकऱ्यांशी बोलणे आणि पेटीचे तोंड शेजाऱ्याच्या दारापासून वळवून ठेवणे, हाही याच हिशेबाचा भाग. ज्यांना सदनिकेची गॅलरीच आहे, त्यांनी सातेरीच्या वाटेला न जाता डंखरहित पोयाची माशी लहान खोक्यात ठेवावी. मध मूठभरच मिळेल, पण गॅलरीतल्या मिरचीला उपयोग होईल आणि शेजाऱ्यांशी वाद होणार नाही.

या सगळ्याचा निष्कर्ष साधा आहे. मानक मापाची एक पेटी विकत घ्यावी, प्रशिक्षण घ्यावे, आणि ती पेटी नमुना म्हणून जपावी. चौकटी विकत आणाव्यात किंवा साच्यावर कराव्यात, हाताच्या अंदाजाने कधीही नाही. खोकी हिवाळ्यात, मुरलेल्या लाकडाची, न गंजणाऱ्या स्क्रूंनी करावीत, आणि फुलोरा भरात येण्यापूर्वी रिकाम्या पेट्या तयार ठेवाव्यात. त्यांत माश्या मात्र मधकोठ्याचा हिशेब पाहूनच घालाव्यात. हे सगळे एकट्याने करण्यापेक्षा एका गावातल्या चार-पाच मधपाळांनी मिळून एकच माप, एकच साचा आणि एकच मधयंत्र ठेवले तर खर्च वाटला जातो, आणि एकाची वसाहत बुडाली तरी दुसऱ्याच्या चौकटीतून ती पुन्हा उभी करता येते. वसईच्या वाड्या आता आकसत चालल्या आहेत. एकेका वाडीत पुरेशा वसाहती मावणार नाहीत. पण पेट्या एकमेकींशी जुळणाऱ्या असतील, तर वेगवेगळ्या कुंपणांतल्या त्या लहान वाड्या मिळून एक मधुबन होऊ शकते.